घटीचा हिशेब आणि होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेतले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट उभा राहतो. भारतीय अणुशक्तीचे जनक ही पदवी त्यांच्या नावाला इतकी घट्ट चिकटली आहे की तिच्याआड मूळचा शास्त्रज्ञ झाकला गेला आहे. अणुभट्ट्या, आयोग आणि संस्था या गोष्टी भाभांच्या आयुष्यात पुढे आल्या. त्याआधी ते सैद्धांतिक भौतिकीचे अभ्यासक होते, आणि तरुणपणी त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो वरवर पाहता अगदी साधा होता. ऊर्जा पदार्थात शिरली की ती कशी वाटली जाते आणि शेवटी कोठे मुरते, हा तो प्रश्न. म्हणजे तो जमाखर्चाचाच प्रश्न होता. भाभांच्या जीवनाचे मोल याच कसोटीवर करून पाहिले तर त्यांची थोरवी नेमकी कशात होती आणि तिच्या मर्यादा कोठे होत्या, हे दोन्ही अधिक स्पष्टपणे दिसू लागते.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. वडील कायदेपंडित होते, तर आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथ, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीत यांची रेलचेल होती. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते यंत्र-अभियांत्रिकी शिकण्यासाठी. मुलाने अभियंता होऊन परत यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारी घ्यावी, हा घरच्या वडीलधाऱ्यांचा मानस होता. मुलाचे मन मात्र भौतिकीत गुंतले. त्याने वडिलांना तसे स्पष्ट कळविले, आणि वडिलांनी एक व्यवहारी तोड काढली. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळविल्यास पुढे गणित व भौतिकी शिकण्याचा खर्च ते उचलणार होते. १९३० साली भाभांनी ती अट पुरी केली. आवडीसाठी कर्तव्य टाळायचे नाही आणि कर्तव्यासाठी आवडही सोडायची नाही, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष येथेच प्रथम दिसतो.

न जुळणारा ताळेबंद

भाभा भौतिकीकडे वळले त्या वेळी त्या शास्त्राच्या खतावणीत एक मोठी तूट पडलेली होती. तिचे स्वरूप वऱ्हाडातील वाचकाला सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. अकोल्याच्या जिनिंगमध्ये शंभर किलो कापूस घातला तर साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी असते आणि किलो-दोन किलो घट येते. ही घट का येते, हे मोर्णेकाठच्या जुन्या शहरातील कोणताही जुना व्यापारी सांगू शकेल. ओलावा उडतो, धूळ आणि पाचोळा निघून जातो. पण समजा, एके दिवशी घट एक किलो आली, दुसऱ्या दिवशी तीस आणि तिसऱ्या दिवशी साठ, तर मालक एकतर तराजू तपासील किंवा चोर शोधील.

किरणोत्सारी द्रव्यांच्या बीटा-ऱ्हासात नेमके हेच घडत होते. या ऱ्हासात अणुगर्भातून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. आधीचा अणुगर्भ आणि नंतरचा अणुगर्भ यांच्या ऊर्जेतील फरक ठरलेला असतो. तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन तेवढीच ऊर्जा घेऊन निघावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कोणी थोडी ऊर्जा घेऊन निघे, कोणी जास्त. बाकीची ऊर्जा वाटेत कोठे तरी सांडत असेल आणि आपल्या उपकरणांना ती दिसत नसेल, असे लिझे माइटनर यांच्यासारख्या कसलेल्या संशोधकांचेही मत होते.

या वादाचा निकाल केंब्रिजमध्येच लागला, आणि तोही मोठ्या सुबोध रीतीने. एलिस आणि वूस्टर यांनी रेडियम-ई या द्रव्याचा कण एका लहानशा उष्णतामापकात पूर्णपणे बंद केला. इलेक्ट्रॉनने आपली ऊर्जा कोणालाही दिली असो, ती त्या भांड्याच्या भिंतीत मुरणारच आणि तेवढी उष्णता मोजता येणारच, असा त्यांचा विचार होता. सुटे कण मोजण्याऐवजी त्यांनी एकूण बेरीज मोजली. ऊर्जा वाटेत सांडत असती तर दर ऱ्हासामागे सुमारे १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरायला हवे होते. १९२७ साली प्रसिद्ध झालेले उत्तर आले सुमारे साडेतीन लाख. माइटनर आणि ऑर्थमान यांनी १९३० साली अधिक काटेकोर प्रयोग करून त्याला दुजोरा दिला. तूट खरी होती आणि ती भांड्याबाहेर जात होती.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यावा की काय, असा विचार नील्स बोर यांच्या मनात घोळू लागला होता. वोल्फगांग पाउली यांनी १९३० च्या अखेरीस दुसरी वाट सुचविली. इलेक्ट्रॉनबरोबर आणखी एक कण निघत असला पाहिजे. त्याला विद्युत्‌भार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही आणि कोणत्याही भिंतीत तो अडत नाही. एन्रीको फेर्मी यांनी त्याला न्यूट्रिनो म्हटले आणि १९३४ साली बीटा-ऱ्हासाची संपूर्ण उपपत्ती मांडली. केंब्रिजची प्रवासी शिष्यवृत्ती मिळवून तरुण भाभा याच काळात झुरिकला पाउली यांच्याकडे आणि रोमला फेर्मी यांच्याकडे काम करून आले. घटीचा चोर ज्यांनी ओळखला त्या दोघांच्याही सहवासात हा मुंबईचा विद्यार्थी वावरला होता.

शोषणाचे गणित

भाभांनी स्वतःसाठी निवडलेला प्रश्न याच कुळातील होता. आकाशातून येणारे विश्वकिरण शिशाच्या जाड पत्र्यातून जाताना एका कणाचे अनेक कण होतात आणि त्यांचा जणू वर्षाव होतो, असे प्रयोगांत दिसत होते. १९३३ साली प्रसिद्ध झालेला भाभांचा पहिला निबंध विश्वकिरणांच्या शोषणावरच होता. १९३५ साली त्यांनी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित केले. ती प्रक्रिया आजही जगभर भाभा-प्रकीर्णन याच नावाने ओळखली जाते. १९३७ साली वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी वर्षावाचा सिद्धांत मांडला. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून जाताना गॅमा किरण सोडतो, त्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती जोडी पुन्हा गॅमा किरण सोडते, आणि मूळची ऊर्जा याप्रमाणे वाटली जात जात अखेर पदार्थात विरून जाते, हे या सिद्धांताचे सार होय. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. पुढच्याच वर्षी विश्वकिरणांतील अल्पायुषी जड कणांचा विचार करताना भाभांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. असा कण प्रचंड वेगाने धावत असेल तर सापेक्षतेच्या नियमानुसार त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसले पाहिजे. पुढे प्रयोगांनी हे खरे ठरविले.

कणाची ऊर्जा मोजायची असेल तर त्याला पुरेशा जाड पदार्थात पूर्णपणे मुरू द्यावे आणि सर्व अंशांची बेरीज घ्यावी, ही आजच्या मूलकण भौतिकीतील एक पायाभूत पद्धत आहे. वर्षावाच्या सिद्धांताने या पद्धतीला गणिताचा आधार दिला. बीटा-ऱ्हासाच्या मोजमापात तिचाच एक धाकटा अवतार पुढे आला. त्याकडे वळण्यापूर्वी भाभांच्या आयुष्याने घेतलेले वळण पाहिले पाहिजे.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले होते, आणि युद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परदेशी विद्यापीठांची दारे त्यांना उघडी होती. तरीही १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी एक संस्था स्थापण्याची सूचना केली. अणुशक्तीचा उपयोग पुढेमागे होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्यांचा हेतू होता. हिरोशिमाच्या स्फोटापूर्वी सुमारे दीड वर्ष हे पत्र लिहिले गेले होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. मुंबईत तिचे पहिले बिऱ्हाड पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात होते, नंतर ती अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबात गेली आणि अखेर कुलाब्याच्या समुद्रकाठी स्वतःच्या वास्तूत स्थिरावली.

या संस्थेत गणित आणि विश्वकिरण यांच्या जोडीने अणुगर्भीय वर्णपटांचा अभ्यासही रुजला. बी. व्ही. ठोसर यांच्यासारख्या संशोधकांनी बीटा आणि गॅमा किरणांची मोजमापे घेऊन अणुगर्भांच्या ऊर्जापातळ्या निश्चित करण्याचे काम तेथे चालविले. हे काम वृत्तपत्रांच्या मथळ्यांत येणारे नव्हते. एकेका द्रव्याची पातळी, तिचा वाटा, तिचे अर्धायुष्य अशी नोंद करीत जाणारे ते चिकाटीचे काम होते. अणुभट्टीच्या घुमटाचे छायाचित्र निघते, या नोंदींचे निघत नाही. पण घुमटाखाली काय घडते हे कळते ते या नोंदींवरूनच.

विझविल्यावरही न विझणारी आग

१९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली ट्रॉम्बेच्या केंद्राचा आरंभ झाला आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनहून आले होते, पण भट्टीची उभारणी भारतीय हातांनी केली होती. त्याच वर्षी अमेरिकेत राइन्स आणि कोवन यांनी एका अणुभट्टीजवळ पाउलींचा न्यूट्रिनो प्रत्यक्ष टिपला. अणुभट्टी ही बीटा-ऱ्हासाचीही भट्टी असते, याची ही साक्षच होती.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक विद्युत् केंद्रात कोळशाचा पुरवठा थांबविला की आग विझते आणि बॉयलर हळूहळू थंड होतो. अणुभट्टीचे तसे नाही. युरेनियमचा अणुगर्भ दुभंगला की त्याचे दोन तुकडे होतात आणि ते तुकडे बहुधा अस्थिर असतात. ते एकामागून एक बीटा-ऱ्हास पावत राहतात. भट्टी बंद केली, दुभंगण्याची साखळी तुटली, तरी हे तुकडे आपला ऱ्हास थांबवीत नाहीत. भट्टी बंद होते त्या क्षणी तिच्या पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के उष्णता चालूच असते. तासाभरानंतर ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानंतर अर्ध्या टक्क्याच्या घरात. आकडे लहान वाटतात, पण १,००० मेगावॅट उष्णता देणाऱ्या भट्टीत पहिल्या क्षणी ६० ते ७० मेगावॅट उष्णता शिल्लक राहते, आणि ती थंड पाण्याने सतत काढून न्यावी लागते.

११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे याच शिल्लक उष्णतेने अनर्थ केला. भूकंप होताच तेथील चालू भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीने पंपांची वीज तोडली, थंडावा थांबला, आणि बंद झालेल्या भट्ट्यांतील इंधन वितळले. दुभंगण्याने होणारे काम संपले होते. उरले होते ते बीटा-ऱ्हासाचे देणे.

तेव्हा ही उष्णता किती आणि किती वेळ राहील, हे आधीच सांगता आले पाहिजे. त्यासाठी शेकडो प्रकारच्या तुकड्यांपैकी प्रत्येकाच्या ऱ्हासात किती ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळते, किती गॅमा किरणांना आणि किती न्यूट्रिनोबरोबर निघून जाते, याची यादी हवी. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांची ऊर्जा इंधनात व भट्टीच्या भिंतीत मुरते. न्यूट्रिनोची कोठेच मुरत नाही.

ही यादी करण्यातील अडचण अशी. बीटा-ऱ्हासानंतर तयार होणारा अणुगर्भ अनेक ऊर्जापातळ्यांपैकी कोणत्याही एका पातळीवर उतरू शकतो. दर शंभर ऱ्हासांपैकी किती ऱ्हास कोणत्या पातळीवर उतरतात, तो त्या पातळीचा वाटा. वरच्या पातळीवर उतरलेला अणुगर्भ गॅमा किरण सोडीत पायरी पायरीने खाली येतो. हे गॅमा किरण मोजून उलट हिशेब करायचा आणि पातळ्यांचे वाटे काढायचे, अशी जुनी रीत होती. त्यासाठी जर्मेनियमची अतिशय तीक्ष्ण दृष्टीची गणक-यंत्रे आली. ती गॅमा किरणांतील बारीक भेद ओळखत, पण त्यांच्या पकडीतून बरेच काही निसटे. वरच्या पातळ्या दाटीने असतात. तेथून निघणारे किरण असंख्य आणि प्रत्येकी क्षीण असतात. ठळक किरण नोंदले जात, क्षीण किरण नोंदीबाहेर राहत.

अचलपूरहून निघालेला प्रवासी मूर्तिजापूरला गाडी बदलून अकोल्यास उतरला आणि तपासनिसाला त्याचे फक्त दुसरे तिकीट दिसले, तर तो त्याला मूर्तिजापूरचाच प्रवासी समजेल. बीटा-ऱ्हासाच्या नोंदीत हाच घोटाळा होत होता. खरोखर वरच्या पातळीवर उतरलेला ऱ्हास खालच्या पातळीच्या नावे मांडला जाई. त्यामुळे गॅमा किरणांची ऊर्जा हिशेबात कमी पडे आणि इलेक्ट्रॉनची जास्त भरे. १९७७ साली हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर एक काल्पनिक अणुगर्भ रचून ही चूक किती मोठी असू शकते ते दाखविले. त्या काल्पनिक अणुगर्भाला त्यांनी पँडेमोनियम असे नाव दिले. मिल्टनच्या महाकाव्यातील नरकाच्या राजधानीचे हे नाव. तेव्हापासून हा दोष त्याच नावाने ओळखला जातो.

यावरील उपाय एलिस आणि वूस्टर यांच्या जुन्या भांड्याची आठवण करून देणारा आहे. किरणोत्सारी नमुना सोडियम आयोडाइड किंवा बेरियम फ्लुओराइड यांच्या मोठ्या स्फटिकाच्या पोटात ठेवायचा. नमुन्यातून निघणारा प्रत्येक गॅमा किरण, कोणत्याही दिशेने गेला तरी, स्फटिकातच अडावा अशी ही रचना असते. एका ऱ्हासातून निघालेले सर्व किरण मिळून स्फटिकात एकच चमक उमटवितात, आणि तिचे तेज म्हणजे त्या किरणांच्या ऊर्जेची बेरीज. अणुगर्भ किती पायऱ्यांनी खाली आला याची चौकशी करण्याचे मग कारण राहत नाही. तो कोणत्या उंचीवरून निघाला हे बेरीजच सांगते. प्रवाशाने वाटेत गाड्या कितीही बदलल्या तरी त्याचा एकूण प्रवास किती कोसांचा होता, हे पाहण्यासारखेच हे आहे. यालाच संपूर्ण शोषणाचे गॅमा-वर्णपटमापन म्हणतात. प्रत्यक्षात कोणताही स्फटिक शंभर टक्के शोषण करीत नाही. काही किरण निसटतात आणि इलेक्ट्रॉनचाही थोडा अंश आत मिसळतो. म्हणून स्फटिकाचा प्रतिसाद आधी संगणकावर बारकाईने काढावा लागतो आणि मग मिळालेल्या आलेखावरून उलट गणित करून पातळ्यांचे वाटे शोधावे लागतात. स्फटिकात चालणाऱ्या क्रिया, म्हणजे इलेक्ट्रॉनशी टक्कर, जोडीचा जन्म आणि पॉझिट्रॉनचा नाश, या भाभांच्या तरुणपणीच्या अभ्यासातल्याच होत. अणुगर्भातून येणारे गॅमा किरण विश्वकिरणांपेक्षा पुष्कळच दुबळे असल्याने येथे लांबलचक वर्षाव होत नाही, एवढाच फरक.

या पद्धतीचे पहिले प्रयोग १९७० च्या सुमारास जिनेव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो येथे अनेक तुकड्यांची मोजमापे झाली. २०१० साली फिनलंडमधील युवास्क्युला येथे मोजलेल्या सात द्रव्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. ती टेक्नेशियम, मॉलिब्डेनम आणि नायोबियम या मूलद्रव्यांची अल्पायुषी रूपे होती. प्लुटोनियमच्या इंधनात भट्टी बंद केल्यानंतरच्या काही सेकंदांपासून सुमारे ३,००० सेकंदांपर्यंत गॅमा किरणांची प्रत्यक्ष उष्णता गणितापेक्षा जास्त भरत असे. हे जुने कोडे होते. या सात द्रव्यांच्या दुरुस्त नोंदींनी त्यातील बराच मोठा भाग सुटला.

भारताला या दुरुस्तीशी काही देणेघेणे नाही, असे म्हणता येणार नाही. १९५४ साली भाभांनी मांडलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेचा दुसरा टप्पा प्लुटोनियमवर आणि तिसरा थोरियमवर उभा आहे. आपल्याकडे युरेनियम थोडे आणि केरळच्या वाळूत थोरियम पुष्कळ, या वास्तवातून ती योजना निघाली. कल्पाक्कम येथे १९८५ साली प्लुटोनियमयुक्त इंधनावर चालणारी लहान प्रायोगिक भट्टी सुरू झाली, आणि १९९६ साली थोरियमपासून मिळविलेल्या युरेनियम-२३३ वर चालणारी कामिनी ही भट्टी. जगातील बहुतेक मोजमापे नेहमीच्या युरेनियम इंधनाच्या गरजेपोटी होतात. आपला मार्ग वेगळा असेल तर आपल्या इंधनाच्या तुकड्यांचा हिशेब कोणीतरी दुसरा आपल्यासाठी करील, या भरवशावर राहता येत नाही. १९४४ च्या पत्रामागील विचार आजही तितकाच खरा आहे तो या अर्थाने.

भाभांच्या हिशेबातील घट

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रयोगशाळेत संपूर्ण बेरजेचा आग्रह धरणाऱ्या परंपरेतील या शास्त्रज्ञाने अर्थशास्त्राच्या क्षेत्रात तो आग्रह धरला काय? याचे उत्तर पूर्णपणे होकारार्थी देता येत नाही.

पन्नाशीच्या दशकात १९८० सालापर्यंत सुमारे ८,००० मेगावॅट अणुवीज निर्माण होईल असा अंदाज मांडला गेला होता. १९८० साली तारापूर आणि राजस्थानातील भट्टी मिळून उभारलेली क्षमता ६५० मेगावॅटच्या आतच होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी साहाय्य आटले हे त्याचे एक कारण खरे, आणि ते भाभांना दिसणे शक्य नव्हते. पण जड पाण्याचे कारखाने, देशी कारखान्यांना साधावी लागणारी काटेकोर बनावट, बांधकामाला लागणारी वर्षे आणि त्या वर्षांचे व्याज या बाबी मूळ अंदाजात फार लहान धरल्या गेल्या होत्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केल्यावर आकाशवाणीवरील भाषणात भाभांनी दहा किलोटनी स्फोटाचा खर्च सुमारे साडेसतरा लाख रुपये सांगितला. तो आकडा अमेरिकेने शांततामय स्फोटांसाठी जाहीर केलेल्या दरपत्रकावरून घेतलेला होता. भट्ट्या, प्लुटोनियम वेगळे करण्याचे कारखाने आणि वर्षानुवर्षे पोसावी लागणारी माणसे यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता. ठळक रेषा मोजली गेली आणि क्षीण रेषा नोंदीबाहेर राहिल्या. भौतिकीतील पँडेमोनियम-दोष येथे अर्थकारणात अवतरला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

हा दोष एकट्या भाभांचा नव्हता. योजनायुगाच्या पहिल्या दोन दशकांत धरणे, पोलाद कारखाने आणि खतांचे प्रकल्प यांचे अंदाज करणाऱ्या अनेक थोर माणसांच्या हातून तो घडला. पंडित नेहरूंचा पूर्ण विश्वास भाभांवर होता, त्यामुळे त्यांच्या खात्याचे आकडे तपासणारे बाहेरचे डोळे थोडेच होते. विश्वासाने काम वेगाने होते, पण तपासनीस नसला की तूट उशिरा कळते, आणि उशिरा कळलेली तूट अधिक महाग पडते.

भाभांना आपले अंदाज स्वतः दुरुस्त करण्याची संधी मिळालीच नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी, आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना, एअर इंडियाचे कांचनजंघा विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि विमानातील सर्व ११७ जण मृत्यू पावले. त्याच दिवशी दिल्लीत श्रीमती इंदिरा गांधी यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधी झाला. भाभा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. ते अविवाहित होते. स्वतः उत्तम चित्रकार असल्याने कुलाब्याच्या संस्थेसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे मोठ्या जाणकारीने निवडली होती. संस्थेच्या आवारातील झाडांच्या जागांकडेही त्यांचे लक्ष असे. वर्षभराने ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

मोठ्या माणसाचे स्मरण करताना आपण त्याच्या ठळक रेषाच मोजतो. जन्म, पदव्या, संस्था आणि मृत्यू एवढ्यावर आपला हिशेब संपतो. भाभांच्या बाबतीत तो अपुरा आहे. ज्यांची नावे कोणी घेत नाही अशा असंख्य संशोधकांना आणि तंत्रज्ञांना बारीकसारीक मोजमापे वर्षानुवर्षे करता येतील असे घर त्यांनी या देशात बांधले, ही त्यांच्या जमेची सर्वांत मोठी रक्कम होय. खर्चाचे अंदाज मांडताना त्यांनी लहान रकमा सोडल्या, ही त्यांच्या नावेची बाजू. दोन्ही बाजू एकाच वहीत लिहिल्याने त्यांची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

आपल्या गावोगावच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला भाभांचे चरित्र सांगताना घुमटाचे चित्र अवश्य दाखवावे. पण त्याच्या प्रयोगवहीत बेरीज जुळत नसेल तर ती ओढूनताणून जुळवू नये, तूट लिहून ठेवावी आणि तिचा माग काढावा, हेही त्याला शिकवावे. न जुळणारी बेरीज लपविली गेली असती तर न्यूट्रिनो सापडला नसता, आणि क्षीण किरणांची घट क्षुल्लक म्हणून सोडून दिली असती तर बंद भट्टीची उष्णता आजही चुकीचीच मोजली गेली असती. नव्या अणुवीज प्रकल्पांच्या खर्चाचे, मुदतीचे आणि सुरक्षिततेचे आकडे जेव्हा जनतेपुढे येतील तेव्हा हीच कसोटी त्यांना लावण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि भाभांच्या नावाने चालणाऱ्या खात्याने ती आनंदाने मान्य केली पाहिजे.